चौदा वर्षांची रेघ

१/ ‘चौदा पूर्ण झाली की मुलाला कामावर ठेवता येते,’ हे वाक्य आपण निसर्गनियमासारखे उच्चारतो. निसर्गात अशी कोणतीही रेघ नाही. ती माणसांनी घासाघीस करत आखली आणि पुसली. हा धागा त्या रेघेच्या इतिहासाचा, आणि ती अजून पुढे का सरकायला हवी याचा.

२/ १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी त्यांत राबणारी मुलेही वाढली. विजेचे दिवे येण्यापूर्वी सूर्योदय ते सूर्यास्त हाच कामाचा दिवस होता. वयाला मर्यादा नव्हती, तासांनाही नव्हती.

३/ १८८१ चा पहिला कारखाना कायदा काय म्हणतो? सात वर्षांखालील मुलांना बंदी. ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तास. आज प्रौढ कामगाराचा दिवस आठ तासांचा मानतात, हे ध्यानी घ्या. शंभरांहून कमी कामगारांच्या कारखान्यांना तर हा कायदा लागूच नव्हता.

४/ एवढ्यालाही विरोध झाला, आणि तो केवळ गिरणीमालकांचा नव्हता. अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी यात लँकेशायरचा डाव पाहिला. संशय निराधार नव्हता. तिथल्या मालकांना मुंबईची स्पर्धा खुपत होतीच. पण त्यांचा हेतू स्वार्थी होता म्हणून सात वर्षांच्या मुलाचा थकवा खोटा ठरत नाही.

५/ हे ओळखणारे लोकही होते. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्यासाठी धडपड केली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केले, साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्यांचा अर्ज सादर झाला.

६/ आणि महात्मा फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले. सरकार सातव्या वर्षी गिरणीचे दार उघडत होते, फुले बाराव्यापर्यंत शाळेचे दार उघडे ठेवा म्हणत होते. आपला सारा वाद या पाच वर्षांत सामावलेला आहे.

७/ पुढे रेघ सरकली. १८९१ : नऊ वर्षे. १९२२ : बारा. १९४८ : चौदा. दर वेळी युक्तिवाद तोच : उद्योग बुडेल, गरिबाचे घर उपाशी राहील. १८८१ ते १९२२ या काळात वयाची अट वाढली, आणि गिरण्यांची धुराडीही वाढतच गेली.

८/ खरी उणीव दुसरीच होती. इंग्लंडच्या १८३३ च्या कायद्याने गिरणीतल्या मुलांना रोज दोन तास शाळा बंधनकारक केली. इथे गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाळा नसलेल्या मुलाला गिरणीतून काढले, तर ते कायद्याची नजर न पोहोचणाऱ्या कामाकडे वळणार.

९/ संविधानाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले. प्रत्यक्षात शिक्षणहक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.

१०/ आज? २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना, काही अपवाद सोडता, सर्व कामांस बंदी आहे. १४ ते १८ वयाच्या किशोरांना खाणी, स्फोटके, धोकादायक प्रक्रिया वर्ज्य. बाकी काम वैध. १९८६ चा मूळ कायदा विश्रांती धरून सहा तासांची मर्यादा घालतो आणि सायंकाळी ७ ते सकाळी ८ काम नको म्हणतो.

११/ ‘मग ते पूर्णवेळ कुठे?’ असे विचारणाऱ्यांनी घड्याळ पाहावे. दिवसाउजेडी सहा तास कामावर असलेला मुलगा शाळेत कधी जाणार? शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो, दहावीची परीक्षा पंधराव्या-सोळाव्या वर्षी येते. एक कायदा हात सोडतो, त्याच दिवशी दुसरा कामाची वाट मोकळी करतो.

१२/ अपवादांत ‘कुटुंबाचा उद्योग’ आहे. अट अशी की काम शाळेनंतर वा सुट्टीत व्हावे. ती घराघरांत तपासणार कोण? बीडहून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याबरोबर मूलही निघते. उचल जोडप्याच्या नावावर असते. मोळी बांधणारे तिसरे हात मुकादमाच्या वहीत नसतात.

१३/ ‘आम्हीही लहानपणी कष्ट केले, म्हणून घडलो,’ असे वडीलधारी सांगतात. त्यांच्या कष्टांविषयी आदर आहे. पण सुट्टीत घराला हातभार लावणे वेगळे आणि दप्तर कायमचे खुंटीला टांगणे वेगळे.

१४/ म्हणून मागणी क्रमाने हवी. आधी शिक्षणाचा हक्क अठरापर्यंत न्या. वसतिगृहे आणि शिष्यवृत्ती द्या. त्याबरोबरच कामाचे वय वाढवा. नुसती बंदी मुलाला अंधाऱ्या कामात ढकलते, हे आपण एकदा पाहिले आहे.

१५/ सातावरून चौदावर यायला या रेघेला ६७ वर्षे लागली. १९४८ पासून ती तिथेच थबकली आहे. तिला पुढे ढकलणे हे आता आपल्या पिढीचे काम आहे.