यंदाच्या जत्रेत एक खेळ तंबूत बघा

दिवाळी सरली, सुगी घरात आली की आपल्याकडे जत्रांचे दिवस सुरू होतात. मार्गशीर्षात नांदेडकडे माळेगावचा खंडोबा, साताऱ्याकडे पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ, पौषात पालचा खंडोबा आणि मांढरदेवची काळूबाई. चैत्रात तर गावोगावच्या ग्रामदैवतांची रांगच लागते. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसं रजा टाकून गावी येतात. त्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. जत्रेत सिनेमाचा तंबू आला असेल तर तिकीट काढून एक खेळ पूर्ण बघा, आणि घरच्यांना सोबत न्या. तंबू आला नसेल तर का आला नाही, हे यात्रा कमिटीला विचारा.

तंबूतला सिनेमा म्हणजे गरिबाघरची करमणूक, असं अनेकांना वाटतं. पण आपल्या देशात सिनेमा आधी तंबूत वाढला आणि मग पक्क्या थिएटरात गेला. अब्दुलअली युसुफअली नावाचे एक गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन आग्नेय आशियात फिरत होते. १९०८ पासून ते भारतात फिरू लागले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता, आत हजारभर माणूस बसायचं. पुढे १९१४ साली त्यांनी अर्देशीर इराणींच्या भागीदारीत मुंबईचं अलेक्झांड्रा थिएटर घेतलं. याच इराणींनी १९३१ साली ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट काढला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लावला, आणि नंतर आपले चित्रपट गावोगाव पोचावेत म्हणून धडपड केली. ज्या गावात थिएटर नव्हतं, तिथे सिनेमा पोचला तो फिरत्या टॉकीजमुळेच. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’, ‘जय संतोषी माँ’, ‘माहेरची साडी’ हे सिनेमे खेड्यापाड्यांतल्या किती बायांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पाहिले ते तंबूत, हे आपापल्या घरातल्या वयस्कर बायांना विचारून बघा.

हा धंदा कसा चालतो हे जवळून पाहिलं की त्याबद्दलचा आदर वाढतो. लॉरी मैदानात येते. तीत तंबूचं कापड, खांब, दोरखंड, पडदा, जनरेटर, तिकिटाची पेटी आणि दहा-बारा माणसांचा संसार असतो. खांब उभे राहिले, कनाती बांधल्या की तीच लॉरी उलटी फिरवून तंबूच्या तोंडाशी लावतात. प्रोजेक्टर लॉरीच्या हौद्यातच पक्का बसवलेला असतो, त्याचा झोत लोकांच्या डोक्यांवरून पडद्यावर जातो. दिवसा कापडातून उजेड झिरपतो, म्हणून खेळ अंधार पडल्यावरच. जुन्या प्रोजेक्टरमध्ये दिवा नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींसमोर धरायच्या आणि त्यांच्यामधल्या फटीत ठिणगी पेटवायची. कांड्या जळत जायच्या, फट वाढायची. ऑपरेटरनं चाकं फिरवून त्या सतत जवळ आणल्या नाहीत तर पडदा तांबूस पडायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. हजार फुटांचं एक रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला चौदा रिळं, आणि त्यातलं एखादं मधेच तुटलं तर ते जागच्या जागी चिकटवायचं. या ऑपरेटर लोकांना कुणी इंजिनिअर म्हटलं नाही, पण काम त्याच तोडीचं होतं.

मग हा धंदा का बसला? टीव्ही आला, व्हिडिओ आला, तरी तंबू टिकले होते. त्यांचं मोठं नुकसान झालं ते फिल्मच्या प्रिंट बंद झाल्यानं. २०१३ च्या आसपास सगळीकडे डिजिटल प्रोजेक्शन आलं. तोवर तंबूवाले शहरात चालून जुनी झालेली प्रिंट स्वस्तात आणत आणि वर्षभर फिरवत. आता प्रिंटच नाही, आणि डिजिटल सिनेमाला कुलूप असतं, त्याची किल्ली ठरावीक दिवसांपुरतीच मिळते. नवं यंत्र घ्यायचं तर कर्ज. त्यात २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनामुळे बहुतेक जत्राच भरल्या नाहीत. ज्यांचा वर्षाचा गल्ला जत्रांच्या दिवसांवर, त्यांनी काय खाल्लं असेल? शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ साली थेट कान महोत्सवात गेला. त्याआधी २०१३ मध्ये गजेंद्र अहिरे यांनी ‘टुरिंग टॉकीज’ हा सिनेमा काढला. कौतुक झालं, टाळ्या पडल्या. तंबूवाल्याच्या हातात मात्र तिकिटाचे पैसे पडायला हवेत.

अमेरिकेत मोटारीत बसून उघड्यावर सिनेमा बघायची ड्राइव्ह-इन थिएटरं १९३३ पासून आहेत. १९५० च्या दशकाच्या शेवटी ती चार हजारांवर होती, आज काहीशे उरलीत. प्रिंट बंद झाल्यावर तिथेही हाच पेच आला. तेव्हा काही मालकांनी आपला हिशेब लोकांसमोर उघड मांडला, लोकांनी वर्गणी काढून डिजिटल प्रोजेक्टर घेऊन दिले आणि ती थिएटरं वाचली. पेनसिल्व्हेनियातलं शँकवायलर्स हे १९३४ चं ड्राइव्ह-इन अजून चालू आहे. जत्रेसाठी पट्टी काढणाऱ्या आपल्या गावांना वर्गणी काय असते हे कुणी शिकवायला नको.

तंबूवाल्यांनाही स्पष्ट सांगितलं पाहिजे. बायकांची बसायची बाजू वेगळी, दोरी बांधून राखलेली, तिकडे छेडछाड खपवून न घेणारी माणसं उभी, ही जुनी शिस्त जिथे सुटली आणि गर्दीसाठी आंबटशौकीन सिनेमे लागले, तिथे घरंदाज बाई पुन्हा आली नाही. बाई आली नाही की पोरं येत नाहीत, आणि उरलेल्या गर्दीवर तंबू फार दिवस चालत नाही. संध्याकाळचा पहिला खेळ कुटुंबासाठी राखा, सिनेमा मराठी लावा, आणि कोणता लावलाय ते भोंग्यावर नीट सांगा. कापडाच्या तंबूत आग हा मोठा धोका असतो. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या, वाळूच्या बादल्या आणि आग विझवायची नळकांडी हाताशी, एवढं नसेल तर मी स्वतः माझ्या पोरांना आत नेणार नाही.

आणखी एक काम घरबसल्या करता येण्यासारखं आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी टॉकीज चालवली, त्यांच्या माळ्यावर रिळांचे डबे, पोस्टरं, काचेच्या जाहिरात-स्लाइड पडलेल्या असतात. ते भंगारात देऊ नका. आपले बहुतेक मूकपट नाहीसे झाले, कित्येकांची रिळं त्यातली चांदी काढायला धुतली गेली. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. ती प्रोजेक्टरवर लावून बघायचा मोह टाळा, थंड कोरड्या जागी ठेवा. पन्नासच्या दशकाआधीची रिळं नायट्रेटची असू शकतात, ती झटकन पेट घेतात, म्हणून राहत्या घरात ठेवूच नका. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच जपायचं काम करतं. त्यांना फोन करा, डब्यांवर जे लिहिलंय ते वाचून दाखवा.

आता यात्रा कमिटीच्या मंडळींसाठी. जागावाटपात पाळण्याला आणि मौत का कुआँला मोक्याची जागा जाते, कारण ते भाडं जास्त देतात. तंबूला कडेची, खड्ड्याची जागा मिळते. हे बदला. तंबूचं भाडं थोडं कमी धरा आणि तेवढी तूट मोठ्या पाळण्यावर टाका. दुसरी अडचण वेळेची. रात्री दहानंतर भोंगे बंद हा नियम योग्यच आहे, पण वर्षात सणा-उत्सवाच्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांना बारा वाजेपर्यंत सवलत द्यायची मुभा सरकारला आहे. तुमच्या जत्रेचे मुख्य दिवस त्यात बसतात का, ते जिल्हाधिकारी कार्यालयात वेळेत विचारून ठेवा, ऐन वेळी पळापळ नको. फिरत्या टॉकीजचा परवानाही तिथूनच मिळतो. एकट्या तंबूवाल्यापेक्षा कमिटीचं पत्र सोबत असलं तर कागद लवकर हलतो. जत्रेच्या आधीच्या बैठकीत हा विषय कुणीतरी काढायला लागेल. या वेळी तो तुम्ही काढा.