उंदीर एका घरचा नसतो



जिंतूर तालुक्यातल्या एका गावी कापसाच्या भावावर बैठक होती. बैठक उठताना एक बाई पुढे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, कापसाचं तुम्ही बघा. माझ्या सशाची सात पिलं राती गेली, त्याचं काय?" घरच्यांनी ठपका मादीवर ठेवला होता, की तिनेच खाल्ली. शेजारी म्हणत होते, बाईची हयगय. मी पेटी पाहिली. लाकडी तळ कोपऱ्यात कुरतडलेला, केसांचा थर विस्कटलेला आणि आत लांबट लेंड्या. सशाची लेंडी गोल असते. चोर उंदीर होता.

मादी कधी कधी मेलेले पिलू खाते, हे खरे. पण मादी विकून टाकण्याआधी आणि बाईला बोल लावण्याआधी पेटी पाहावी, एवढेच माझे म्हणणे.

सशाचे पिलू जन्मते उघडे आणि आंधळे. डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात. शेळी जशी करडापाशी राहते तशी सशाची मादी राहत नाही. दिवसातून एखाद वेळ, काही मिनिटे दूध पाजते आणि दूर होते. म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे पिलांना राखणदारच नसतो. उंदराला हे ठाऊक असते. फक्त युनिट विकणाऱ्याला ठाऊक नसते.

त्याच्या कागदावर मादी किती वेळा विणार, किती पिले देणार, किती किलो भरणार, सगळे मांडलेले असते. उंदराने नेलेली पिले कोणत्या रकान्यात लिहायची? राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत ससे पाळतात. संस्थेच्या शेडमधला हिशेब आपल्या कडब्याच्या गंजीशेजारच्या पत्र्याला लावला तर फसगत होणारच. जोडधंदा करा म्हणणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे, की मेलेले पिलू कोणाच्या नावावर? करारावर सही करण्यापूर्वी हा प्रश्न विचारा. उत्तर लेखी घ्या.

आता आपल्या हातातले. पिंजरा तीन फूट उंच, लोखंडी पायांवर हवा आणि प्रत्येक पायाला उलट्या नरसाळ्यासारखा पत्रा. भिंत आणि गंजी यांपासून तो तीन-चार फूट दूर ठेवा. उंदीर सहज दोन फूट उडी घेतो. कोंबड्यांची षटकोनी जाळी उंदराला दारच आहे. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. सांडलेले खाद्य संध्याकाळी झाडून काढा. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रात्री पिलांची पेटी उचलून, हवेला बारीक भोके पाडलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटाऱ्यात ठेवा. सकाळी मादीपुढे द्या. एका वेळच्या दुधावर पिले वाढतात.

झिंक फॉस्फाइडची काळी पूड मात्र पिंजऱ्याजवळ नको. तिच्यावर उतारा नाही. ससा, कुत्रा आणि रांगणारे पोर, तिला सारखेच. घालायचीच तर शेतातल्या बिळात, हाताला लागू न देता. आधी दोन-तीन दिवस विष नसलेला तेलकट भरडा ठेवा, नाहीतर उंदीर आमिष ओळखून सोडतो.

पण एवढे करूनही एकट्याचे भागत नाही. उंदीर आपल्या सशासाठी गावात आलेला नाही. तो ज्वारीसाठी आला, पऱ्हाटीच्या ढिगात राहिला आणि पिले त्याला वाटेत सापडली. त्याच्यामागे साप येतो. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. तुम्ही मारलेल्याची जागा शेजारच्या गंजीतून भरून निघते.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याने याची मोठी किंमत मोजली आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर लोक धास्तीने घराबाहेर राहू लागले. घरातले धान्य उंदरांच्या हवाली झाले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ नोंदली गेली. कारणे शोधणाऱ्यांनी त्या धान्याकडे आणि वाढलेल्या उंदरांकडे बोट दाखवले. तिथे प्रश्न पिलांचा नव्हता, माणसांचा होता.

म्हणून माझी सूचना अशी. मे महिन्यात, पेरणीच्या धांदलीआधी, प्रत्येक गावाने एक संध्याकाळ ठरवावी. सगळी बिळे चिखलाने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. तेवढ्यांवरच सगळ्यांनी एकाच दिवशी इलाज करावा. पऱ्हाटीचे ढीग घरापासून हलवावेत. याला सरकारचे अनुदान लागत नाही, शेजाऱ्याचा होकार लागतो.

जिंतूरच्या त्या बाईंनी मादी विकली नाही. पण तिची पुढची पिले वाचतील की नाही, हे त्यांच्या पेटीइतकेच शेजारच्या गंजीवर अवलंबून आहे. तो शेजारी या बैठकीला आला असेल, तर बोलणे इथूनच सुरू करू.