फोर-के हवंय कोणाला?

आई रोज पहाटे शिर्डीची काकड आरती टीव्हीवर बघते. परवा दुकानदार म्हणाला, "फोर-के घ्या साहेब, बाबा समोर बसल्यासारखे दिसतील!"

म्हटलं, आधी गणित करू. १०८०पी म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल, फोर-के म्हणजे ८३ लाख. चौपट! पण निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकाच बारकावा कळतो. म्हणजे ४३ इंची टीव्हीपासून साडेपाच फुटांपलीकडे १०८०पीचे पिक्सेलसुद्धा सुटे दिसत नाहीत. आईची खुर्ची नऊ फुटांवर! वर चित्राचे चौकोन होतात ते कमी बिटरेटमुळे, त्याला फोर-के काय करणार?

भिंतभर पडदा असेल तर जरूर घ्या राव. आमच्याकडे आधी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. खरं रिझोल्यूशन तिथेच वाढेल!