नाईट शिफ्टवरचा माळी

परवा ऑफिसातला एकजण कूर्गहून ‘सिव्हेट कॉफी’ घेऊन आला. उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची! सगळे आधी ‘ईऽऽ’ म्हणाले, मग मग घेऊन रांगेत उभे. मीसुद्धा!

नंतर म्हटलं, या पाहुण्याची जरा चौकशी करू. तर बॉस, आपल्याकडचं तपकिरी उदमांजर जगात फक्त पश्चिम घाटात सापडतं. कन्याकुमारीपासून थेट गोव्याच्या वेशीवरच्या कॅसलरॉकपर्यंत. एकलकोंडं आणि निशाचर. दिवसा ढोलीत नाहीतर शेकरूच्या घरट्यात ताणून देतं, रात्री फांद्याफांद्यांवरून फळं खात फिरतं. बिया मात्र शाबूत बाहेर, मूळ झाडापासून दूर. फुकटात जंगल लावणारा माळीच की!

पण कॉफीच्या मळ्यांत सावलीची देशी झाडं तोडून सिल्व्हर ओक लावले, की त्याची फळंही गेली आणि ढोलीही. तिकडे इंडोनेशियात तर याच्या चुलतभावाला पिंजऱ्यात डांबून कॉफीची फळं चारतात.

म्हणून आपण ठरवलंय, यापुढे साधीच कॉफी, पण देशी झाडं राखणाऱ्या मळ्यातली. तुम्ही पुढचं पाकीट घेताना एवढं विचाराल ना?