मे महिन्यातलं हिरवं लॉन

फौजेत नवीन क्वार्टर मिळालं की माणूस आधी दोन गोष्टी बघतो. पाणी किती वेळ येतं, आणि समोरचं लॉन कसं आहे. रायपूरला पोस्टिंग आलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे की इथे या दोन गोष्टींचं उन्हाळ्यात पटत नाही. मे महिन्यात हिरवंगार लॉन दिसलं की मला आता कौतुक वाटत नाही.

हिशेब करून बघा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हरळी हिरवी ठेवायला आठवड्याला २५ मिलिमीटर धरलं, तरी १०० चौरस मीटरच्या लॉनला २,५०० लिटर झाले. दोन आठवड्यांत पाच हजार लिटरचा एक टँकर मातीत. पारा ४४-४५ वर गेला की तेवढंही पुरत नाही. आणि हे पाणी येतं कुठून? रायपूर खारून नदीचं पाणी पितं, आणि उन्हाळ्यात त्या नदीला आधार धमतरीकडच्या गंगरेल धरणाचा. कॅम्पच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत टँकरपुढे हंडे लागलेले असताना आपण पाइप धरून गवत भिजवायचं, हे वर्दीला शोभत नाही.

अडचण गवताची नाहीच. ज्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो, तेच हे गवत. पाणी तोडलं की वरून वाळतं, पण खालची मुळं जिवंत राहतात आणि जूनच्या मध्यावर पाऊस आला की पुन्हा फुटतात. अडचण आहे ती इन्स्पेक्शनची. गेरू-चुना लावलेल्या विटांच्या आत पिवळं गवत दिसलं की साहेबांच्या कपाळावर आठी, म्हणून वर्किंग पार्टी पाण्याला लागते. माझ्या मते मे महिन्यातल्या पिवळ्या लॉनला बेशिस्त म्हणणं बंद व्हायला हवं. एप्रिलपासून गवत थोडं उंच ठेवा, फार खरडू नका. नवीन लॉन लावायचं तर जुलैत, आणि त्याआधी लव्हाळ्याच्या गाठी खणून काढा. नुसता उपटलात तर पंधरा दिवसांत तो पुन्हा हजर.

मुलांना खेळायला, संध्याकाळी खुर्च्या टाकायला थोडी हिरवळ हवी, हे मान्य. पण अर्धी जागा पुरे. उरलेल्या अर्ध्यात इथले लोक करतात ती बाडी करा. छत्तीसगढी घरामागची बाडी म्हणजे आपली परसबाग, फक्त नावं वेगळी. अमारी म्हणजे अंबाडी, कोचई म्हणजे अळू, जिमीकांदा म्हणजे सुरण, मुनगा म्हणजे शेवगा. लालभाजी तर महिन्याभरात ताटात येते. पावसाळ्यात या भाज्यांना जवळपास वरचं पाणी लागत नाही. ऑक्टोबरात मेथी, पालक, कोथिंबीर, आणि हौस असेल तर शेवंती नि झेंडू. उन्हाळ्यात आळ्यात भाताचा पेंढा पसरा. इथे त्याला पैरा म्हणतात, भंडारा-गोंदियाकडची मंडळी तणस म्हणतील. तो ओल धरून ठेवतो. भांडी-भाजी धुतलेलं पाणी सुरणाला आणि अळूला चालतं.

इथल्या शेतकऱ्यांची हरेली त्यांच्या श्रावण अमावस्येला येते. आपल्या पंचांगात ती आषाढातली, दिव्यांची. त्या दिवशी नांगर, कुदळ, खुरपी धुऊन पुजतात. आपण दसऱ्याला शस्त्रं पुजतो, त्याच भावाने. गेल्या हरेलीला आम्हीही आमची दोन खुरपी ओळीत मांडली.

“दोन-तीन वर्षांत बदली, मग झाड कुणासाठी लावायचं?” असं बरेच जण विचारतात. आमच्या क्वार्टरमागे एक मुनगा आहे. कोणी लावला ते कुणालाच माहीत नाही. या मार्चमध्ये त्याच्या शेंगा आम्ही आमटीत घातल्या, शेजारच्या दोन घरांना दिल्या. त्याचीच एक हातभर फांदी मी कोपऱ्यात रोवली आहे. तिला शेंगा धरतील तेव्हा क्वार्टरची चावी दुसऱ्याच कुणाकडे असेल.