शिदोरी सोडल्यावाचून काला होत नाही

श्रावण वद्य नवमी उजाडली की ठाणे शहराच्या चौकाचौकांत दोर ताणले जातात, हंड्या टांगल्या जातात आणि गोविंदांच्या घोषाने रस्ते दुमदुमतात. २०१२ साली याच शहरात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा विक्रम केला. २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता देत असल्याचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर उभे राहिले. तरुणांच्या या धैर्याचे कौतुक कोणास वाटणार नाही? तथापि या उत्सवाचे शास्त्रोक्त नाव गोपाळकाला असे आहे, याचे स्मरण या दिवशी करून देणे आम्हां कीर्तनकारांचे कर्तव्य होय. हंडी हे साधन आहे. साध्य आहे तो काला.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील तेराव्या अध्यायात या काल्याचे चित्र आले आहे. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ भोजनास बसले आहेत. कमळाच्या मध्याभोवती पाकळ्या असाव्यात तसे ते श्रीकृष्णाभोवती वर्तुळाकार शोभत आहेत. कोणी पानावर, कोणी फुलावर, तर कोणी दगडावरच आपले अन्न मांडले आहे. प्रत्येक जण आपल्या घरच्या घासाची निराळी चव दुसऱ्यास चाखवीत आहे आणि सारे हसत आहेत. यज्ञातील हविर्भाग ज्याने स्वीकारायचा, तो भगवंत डाव्या हाती दहीभाताचा घास घेऊन त्यांच्यात बसला आहे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. व्यासांनी सर्वांची शिदोरी एकसारखी करून टाकलेली नाही. चवी वेगळ्या आहेत, मंडळ एक आहे.

पुढे त्याच स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात याच्या अगदी उलट प्रसंग आहे. भुकेले गोपाळ यज्ञ करणाऱ्या विद्वान ब्राह्मणांकडे अन्न मागावयास जातात. ते ब्राह्मण रागावले नाहीत, त्यांनी कोणास हाकलून दिले नाही. त्यांनी ‘हो’ही म्हटले नाही आणि ‘नाही’ही म्हटले नाही. अन्न घेऊन धावत गेल्या त्या त्यांच्या स्त्रिया. समाजातील दुहीचे पहिले रूप भांडण हे नसते. ते असते हे मौन. समोरच्याची भूक दिसत असून न दिसल्यासारखे करणे, हेच फुटीचे बीज होय.

आज महाराष्ट्राकडे पाहता हे मौन फार वाढल्याचे दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर बीड जिल्ह्यात लोकप्रतिनिधींची घरे पेटविली गेली. जून २०२४ मध्ये अंतरवालीच्या शेजारीच, वडीगोद्री येथे, इतर मागासवर्गीयांच्या हक्करक्षणासाठी उपोषण झाले. शिवेला शीव लागलेली दोन गावे, दोन मंडप आणि मधल्या रस्त्यावर पोलीस! २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलाने कर्मचाऱ्यांच्या छातीवरील नामपट्टीतून आडनावच काढून टाकले. कारण आडनाव वाचून माणूस जोखला जाऊ लागला होता. आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा न्यायालये व विधिमंडळ करतील. तो या स्तंभाचा विषय नव्हे. परंतु एकाच पारावर बसणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात, तेव्हा हानी कोणा एका जातीची होत नाही, गावाची होते.

यावर उपाय काय? तो शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. ठाण्यातील बाळकुम गावावरून जो जुना रस्ता कशेळीची खाडी ओलांडून जातो, तो थेट भिवंडीस पोहोचतो. यंत्रमागांच्या खडखडाटावर जगणारे हे शहर मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी पेटले आणि मे १९८४ मध्ये पुन्हा पेटले. दुसऱ्या वेळी त्या आगीची झळ ठाण्यास व मुंबईसही लागली. पहिल्या दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगासमोर जे आले, त्यावरून इतके स्पष्ट झाले की अशी आग एका रात्रीत लागत नाही. तिचे सरपण आधी पुष्कळ दिवस गोळा होत असते.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापिल्या. हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील सामान्य माणसे, आणि त्याच भागात गस्त घालणारा पोलीस, यांनी नियमाने एकत्र बसावे, एवढीच ती योजना. तेथे मोठी भाषणे नव्हती. नळावरचे भांडण, गटाराचा वाद, पोरांची मारामारी, मिरवणुकीचा मार्ग असे लहान विषय लहान असतानाच मिटविले जात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, त्या वेळी भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचे नाव दंगलीशी जोडले गेले होते, त्याच गावाने हे करून दाखविले. खोपडे यांनी या अनुभवावर पुढे मराठीत ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच त्यांनी विचारले आहे की मुंबई जळाली, मग भिवंडी का नाही?

आम्हांस या प्रश्नाचे उत्तर यमुनेच्या वाळवंटातच सापडते. ज्यांनी संकटापूर्वी चार वर्षे एकत्र बसण्याचा परिपाठ ठेवला, त्यांना संकटाच्या रात्री एकमेकांचे दार ठोठावता आले. ऐक्य हे घोषणेने येत नाही, सवयीने येते. संध्यावंदन जसे नित्य, तसा शेजारधर्मही नित्य हवा. तो नैमित्तिक झाला की निष्फळ झाला.

मात्र एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ‘एक व्हा’ असे म्हणणारा पुष्कळदा ‘गप्प बसा’ असे सुचवीत असतो. आमच्या पंढरीत आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो. संतांच्या पालख्या तो प्रसाद घेऊनच परततात. हा काला शतकानुशतके चालला, तरी ज्यांना अस्पृश्य म्हटले गेले त्यांना श्रीविठ्ठलाच्या मंदिरात पाऊल ठेवता येत नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वारी, पण त्यांच्या वंशजांना द्वार बंद! यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, प्राणांतिक उपोषण आरंभिले. १० मे रोजी मंदिर सर्वांस खुले करण्याचे ठरल्यावर ते सुटले. त्या वेळीही गुरुजी समाजात फूट पाडीत आहेत, असे म्हणणारे होतेच. फूट कोणी पाडली होती? दार बंद ठेवणाऱ्याने, की ते ठोठावणाऱ्याने? म्हणून आमचे स्पष्ट मत असे की ऐक्याची पहिली पायरी ज्याच्याजवळ अधिक आहे त्याने उतरावयाची असते. ज्याचे गाठोडे मोठे, त्याने ते आधी सोडावे.

बाळकुमसारख्या गावांत ही कसोटी आता रोजची झाली आहे. एकीकडे आगरी-कोळी बांधवांचे जुने गावठाण, दुसरीकडे बहुमजली संकुले. एकाच रस्त्यावर राहून परस्परांची नावेही ठाऊक नसलेली घरे पुष्कळ. आणि तरीही याच बाळकुमात जून २०२० मध्ये महामारीसाठी १,०२४ खाटांचे रुग्णालय उभे राहिले होते. शेजारच्या खाटेवर कोण आहे, हे विचारून प्राणवायू घेणारा तेथे कोण असणार? संकटात जे सहज सुचले, ते सणाला का सुचू नये?

यंदा आपापल्या आळीतून व संकुलातून काला विकत न आणता प्रत्येक घरातून थोडथोडा जमवावा. कोणी लाह्या आणाव्या, कोणी पोहे, कोणी दही, कोणी लोणच्याची फोड. पहारेकरी, झाडलोट करणारे, नव्याने राहावयास आलेले, ज्यांच्याशी आपले बोलणे तुटले आहे असे शेजारी, यांना आधी बोलवावे आणि एकाच पंक्तीत बसावे. उठण्यापूर्वी पुढच्या महिन्याच्या बैठकीचा दिवस ठरवावा. थर रचणाऱ्या तरुणांना हे निराळे शिकवावे लागणार नाही. तळाच्या थरात मान खाली घालून, बाहूत बाहू गुंफून उभ्या असलेल्यास वरची हंडी दिसतही नाही. आपल्या खांद्यावर कोणाचा पाय आहे, हेही तो विचारीत नाही. तो केवळ शेजाऱ्याला सोडत नाही, आणि म्हणूनच वरचा बाळगोपाळ हंडीपर्यंत पोहोचतो.