प्रीपोझिशन : नामं येतात, सांधा येत नाही

इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली आणि ऑफ म्हणजे चा-ची-चे. हा तक्ता मी स्वतः ड्रॉइंग शीटवर रंगीत स्केचपेनने लिहून वर्गात लावला होता. सातारा जिल्ह्यात नोकरीला असताना लावला आणि आंतरजिल्हा बदलीने सांगली जिल्ह्यात आलो तेव्हा गुंडाळून सोबतही आणला. गेल्या वर्षी मी तो भिंतीवरून काढला. तसाच तक्ता अजून बऱ्याच वर्गांत टांगलेला असतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की तो काढायला हवा.

त्याला निमित्त झालं आठवीतल्या एका मुलाचं. घरची द्राक्षबाग, तासगाव भागातली. माल निर्यातीला द्यायचा म्हणून सल्लागाराने वडिलांच्या व्हॉट्सॲपवर एक इंग्रजी कागद पाठवला होता. वडील म्हणाले, वाच. त्यात एक ओळ होती : नो स्प्रे विदिन थर्टी डेज ऑफ हार्वेस्ट. पोराला स्प्रे माहीत, डेज माहीत, हार्वेस्टही माहीत. विदिन म्हणजे 'च्या आत', ऑफ म्हणजे 'चा', हे तर माझ्याच तक्त्यातलं. त्याने अर्थ लावला, "काढणी झाल्यावर तीस दिवस फवारायचं नाही." वडील जुने बागायतदार. ते हसले. मला नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, माल काढल्यावर औषध मारून काय वेलीला अंघोळ घालायची? पोरगं इंग्रजी शिकतंय ना?"

ते हसण्यावारी नेत होते, मी नेऊ शकलो नाही. त्या ओळीचा अर्थ होता : काढणीच्या आधीचे तीस दिवस फवारणी बंद. मण्यात औषधाचा अंश राहिला तर माल परत येतो, वर्षाची मेहनत जाते. मुलाला सगळी नामं येत होती, त्यांच्यातला सांधा येत नव्हता. आणि गंमत अशी की 'विदिन थर्टी डेज ऑफ' हे शब्द आधी की नंतर ते सांगतच नाहीत. ते फक्त अंतर सांगतात. आधी की नंतर हे स्प्रे आणि हार्वेस्ट ही दोन नामं शेजारी ठेवून ठरवायचं असतं. वडिलांनी तेच केलं, इंग्रजी न येता. मुलाने नामांकडे न बघता तक्त्याकडे बघितलं.

आता आपल्या भाषेकडे या. प्रीपोझिशनला आपण शब्दयोगी अव्यय म्हणतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. पण नावांत केवढा फरक आहे बघा. प्रीपोझिशन हे नाव जागेवरून पडलेलं, आधी ठेवलेला शब्द. शब्दयोगी हे नाव कामावरून पडलेलं, शब्दाला शब्द जोडणारा. आपलं नाव जास्त उपयोगी आहे आणि आपण ते फक्त व्याख्या पाठ करून घेण्यापुरतं वापरतो.

फळ्यावर मी हल्ली पहिलं उदाहरण लिहितो ते साताऱ्याचं. 'अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी.' इंग्रजीत : ॲट द फूट ऑफ अजिंक्यतारा. शी म्हणजे ॲट, पायथा म्हणजे फूट (पायावरूनच आलेला शब्द, दोन्हीकडे!), च्या म्हणजे ऑफ. आरशात बघावं तसं सगळं उलटं. आपला सांधा नामाच्या मागे चिकटतो, त्यांचा पुढे सुटा उभा राहतो. आपल्याकडे सांधा लागताना नाम वाकतं, अजिंक्यतारा चा अजिंक्यताऱ्या होतो. इंग्रजी नाम जागचं हलत नाही. मुलांना ही गोष्ट कुणी सांगतच नाही, म्हणून सांगली बाजूचं माझं दुसरं उदाहरण त्यांना चकवतं : 'सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा भाव.' पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, "सांगली ऑफ मार्केट यार्ड इन टर्मरिक ऑफ प्राइस." हसू नका. तक्त्याप्रमाणे एकही शब्द चुकलेला नाही! फक्त माळ मराठी क्रमाने ओवली. शेवटच्या नामापासून मागे यायला सांगितलं तर तीच मुलगी म्हणाली, "द प्राइस ऑफ टर्मरिक इन द मार्केट यार्ड." सांगली तिने जरा थांबून जोडली, पण जोडली.

या उदाहरणात आणखी एक खाचखळगा आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं तिथेच पडतात. 'यार्डातला' हा शब्द बघा. नुसतं 'यार्डात भाव' म्हणून भागत नाही, आपण त्याला 'ला' लावतो. 'टेबलावर पुस्तक आहे' वेगळं आणि 'टेबलावरचं पुस्तक दे' वेगळं. पहिल्यात पुस्तक कुठे आहे ते सांगितलं, दुसऱ्यात कोणतं पुस्तक ते सांगितलं. मराठी त्यासाठी 'चं' असा जादा टाका घालते. इंग्रजी घालत नाही. द बुक इज ऑन द टेबल, आणि गिव्ह मी द बुक ऑन द टेबल. दोन्हीकडे तेच ऑन. आपल्या मुलाला तो टाका नसल्याचं जाणवतं, काहीतरी राहिलंय असं वाटतं, मग तो लिहितो, "गिव्ह मी द बुक इज ऑन द टेबल." आपण लाल पेनने इज खोडतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. खरं तर तो मुलगा मराठी बरोबर विचार करत होता. त्याला इतकंच सांगायचं होतं की इंग्रजी इथे टाका घालत नाही, नामाला लागून ठेवलं की झालं.

आणि 'ऑन म्हणजे वर' याचं काय? मी वर्गात विचारलं, झाडावर काय काय असतं? माकड, पक्षी, आंबे. एक पोरगा म्हणाला, "सर, आंबे झाडाला असतात, झाडावर नाही." बरोबर! आंबा झाडाला, माकड झाडावर. इंग्रजीत मँगोज ऑन द ट्री, पण मंकी इन द ट्री. म्हणजे आपलं 'ला' तिकडे ऑन झालं आणि आपलं 'वर' तिकडे इन झालं. तसंच छताला पंखा, फॅन ऑन द सीलिंग. पायाला जखम, वून्ड ऑन द फूट. जे चिकटलेलं आहे त्याला ऑन. तक्ता इथे पार आडवा होतो, पण मुलाचा कान आडवा होत नाही. त्याची मराठी हे नातं आधीच ओळखते. आपण तक्ता लावून त्या कानात बोळा घालतो, एवढंच.

'सांगली इज ऑन द कृष्णा' हे वाक्य मी लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "नदीवर गाव कसं असेल, सर? काठावर म्हणा." मी सांगितलं, इंग्रजी काठ गाळते. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "२०१९ ला तर सांगली इन द कृष्णा होती." वर्ग हसला. मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही, त्या ऑगस्टमध्ये घर सोडून गेलेली मुलं समोर बसली होती. प्रीपोझिशनचा एवढा पक्का धडा मी कधी घेतलेला नाही, आणि तोही मी घेतला नव्हता.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीत येईपर्यंत मुलाच्या हाती भरपूर नामं असतात. सांधे मात्र आपण गाळलेल्या जागांत शिकवतो. 'द कॅट इज डॅश द टेबल.' साताऱ्याकडे असताना एका मुलीने यात अंडर भरलं होतं. उत्तरपत्रिकेत ऑन होतं, म्हणून मी अर्धा गुण कापला. मांजर टेबलाखाली बसत नाही का? चित्र नाही, मागचं-पुढचं वाक्य नाही, मग तिचं काय चुकलं? ती मुलगी आता कॉलेजात असेल. तो अर्धा गुण मला अजून टोचतो.

आमच्या आधीच्या पिढ्या तर्खडकर भाषांतर पाठमालेवर शिकल्या (हे तर्खडकर वेगळे). ती पद्धत आज जुनाट म्हणून हिणवली जाते. असेल जुनाट, पण तिथे पूर्ण वाक्य इकडून तिकडे न्यावं लागे, सुटा शब्द नव्हे. मला तो भाग परत हवा आहे. पाठमाला नको, आपल्या गावची वाक्यं घ्या.

एसटीचा बोर्डच घ्या ना. 'सातारा - सांगली, मार्गे कराड.' परवा हाच फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, इंग्रजी करा. फ्रॉम सातारा टू सांगली व्हाया कराड. मधल्या आडव्या रेघेने फ्रॉम आणि टू दोघांचं काम केलेलं. मग एकीच्या लक्षात आलं की 'मार्गे' हा शब्द बोर्डावर कराडच्या आधी आहे. बोलताना आपण 'कराडमार्गे' म्हणतो. "सर, मग हे मराठीतलं प्रीपोझिशन का?" मी हो म्हणालो. तिने लगेच पुढचं विचारलं, गाडी सातारा स्टँडवर थांबते ते ॲट आणि आजी साताऱ्यात राहते ते इन, असं का? तास संपला होता. उत्तर तिने आजीला आणि कंडक्टरला डोळ्यासमोर आणून शोधायचं, असं ठरलंय. सोमवारी बघू काय आणते ते.